जीप तीच, इंजिन मोठे

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागून तिसरे रेल्वे गेट मागे टाकले, की थोड्याच वेळात उद्यमबाग सुरू होते. नावात बाग असली तरी इथे फुलांचा वास येत नाही. येतो तो ओतकामाच्या जळक्या वाळूचा, लेथवर तापलेल्या तेलाचा आणि चहाचा. एका शेडमध्ये बिडाचा रस साच्यात ओतत असतात, दुसरीत तेच ओतीव तासून गुळगुळीत होत असते. पंपाची कवचे, हायड्रॉलिकचे सुटे भाग, क्रँकशाफ्ट अशा कितीतरी वस्तू इथून टेम्पोत चढतात आणि देशभर जातात. ज्या घरात ट्रॅक्टर किंवा मोटारपंप आहे, त्या घरात बेळगावचे एखादे लोखंड असतेच, फक्त त्यावर गावाचे नाव नसते.

या गावाला यंत्राचे वेड जुने आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटायचे, त्यामुळे पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. मग ठळकवाडीची नवी वसाहत व्हायची म्हणून कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी आसरा दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण हात इथेच राहिले. बापाकडून मुलाकडे, मिस्त्रीकडून पोऱ्याकडे ते कसब उतरत आले. उद्यमबागेतल्या एखाद्या पत्र्याच्या शेडपुढे उभे राहिले की ते दिसते.

अशाच एका शेडपुढे १९९९ च्या उन्हाळ्यात मी आठ दिवस बसून होतो. कारण होते मामाची जीप.

मामाची जीप, मामीची गरज

मामाचे गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत. पावसाळ्यात तिकडे पाऊस पडत नाही, कोसळतो. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा मुलूख. मामाची जीप १९८९ सालची, महिंद्राची एमएम ५४०. चारही चाकांना जोर देणारी असल्यामुळे चिखल, ओढा, चढण हे सगळे तिने दहा वर्षे सोसले होते.

जीप मामाच्या नावावर असली तरी तिचा खरा उपयोग मामीला होता. मामी धारवाडकडची, माहेरची कन्नड, आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. रात्री-अपरात्री कुणी बाळंतीण अडली, कुणाला पान लागले, की मामी कंदील घेऊन बाहेर पडायची आणि मामा जीपची किल्ली घेऊन. खानापूर नाही तर बेळगाव गाठायचे. त्या भागात तेव्हा दुसरे वाहन नव्हते असे नाही, पण रात्री दोन वाजता हाकेला ओ देणारे हेच एक होते.

त्या वर्षी जीपने हात टेकले. धूर मागून यायचा तेवढाच इंजिनाच्या पोटातून यायचा. डिझेलबरोबर ती ऑईलही प्यायला लागली. चार माणसे आणि एक आजारी माणूस घेऊन चढण लागली की दुसऱ्या गिअरमध्ये धाप लागायची, पहिला टाकावा लागायचा. होळीच्या सुमारास एका बाळंतिणीला नेताना घाटवळणावर गाडी तापून उभी राहिली. अर्धा तास पाणी ओतत थांबावे लागले. ती बाई आणि बाळ दोघे सुखरूप राहिले. पण घरी आल्यावर मामीने चप्पलसुद्धा काढली नाही, ओसरीतच म्हणाली, "अहो, एक तर ही नीट करा, नाहीतर विकून टाका. अर्ध्या वाटेत बंद पडणारी गाडी नसलेली बरी. निदान लोक तिच्यावर भरवसा ठेवणार नाहीत."

नवी जीप घेणे आवाक्याबाहेर होते. हाताशी होते ते एका हंगामाच्या काजूचे पैसे.

दोन इंजिनांचे एकच कूळ

उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी जीप उघडली. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि यंत्राशी बोलताना दोन्ही, असा हा माणूस. मामाला ते सावकार म्हणायचे, मामीला अक्का आणि मला तम्मा. त्यांनी क्रँकशाफ्टवरून बोट फिरवले, नखाला चरे लागले. लायनरमध्ये मापाचे यंत्र घालून पाहिले, भोक गोल राहिले नव्हते.

"सावकार, लायनर-पिस्टनचा संच घालता येतोय. पण क्रँक पण गेलाय, हेडला पण काम आहे. एवढ्यात थोडे घातले तर मोठे इंजिन येतंय की."

"मोठे? आणि बसणार कुठे?"

"आगतैती. याक आगूदिल्ल?"

हे 'याक आगूदिल्ल' नुसत्या हौसेचे नव्हते, त्यामागे हिशेब होता. एमएम ५४० मधले इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे. त्याला एक्सडीपी ४.९० म्हणतात. चार म्हणजे सिलिंडर चार, नव्वद म्हणजे प्रत्येकाचा व्यास नव्वद मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर. गुणाकार केला की २११२ सीसी येतात. त्याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे एक्सडी३पी. व्यास ९४, धाव ९०, म्हणजे २४९८ सीसी. व्यासात चार मिलिमीटर आणि धावेत सात, एवढ्या फरकाने पोटात जवळजवळ चारशे सीसीची भर पडते. धाकट्याची ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास, थोरल्याची सत्तरच्या वर.

मिस्त्रींच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की घराणे एक असल्याने बांधाही एकच वळणाचा. बाहेरचे परके इंजिन आणले असते, तर गिअरबॉक्सला जोडायला मध्ये जाड पट्टी कापून घ्यावी लागली असती, चॅसीसवर नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागले असते, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागली असती. एकेका बदलामागे दुसरा बदल येतो आणि शेवटी जीप राहत नाही, प्रयोग राहतो. "सोयरीक भावकीत बघावी," असे मिस्त्री म्हणाले. मामी हसली, कारण तिची स्वतःची सोयरीक दुसऱ्या भाषेत झाली होती.

इंजिन मिळाले कोल्हापूरला, अपघातात चेपलेल्या गाडीतले. पुढचा भाग शाबूत होता. मिस्त्रींनी विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. क्रँक हाताने फिरतो का, ऑईलमध्ये पाणी मिसळून ताकासारखे झाले आहे का, आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर खाडाखोड न केलेला आहे का. चौथी गोष्ट मामीने मागितली, ती म्हणजे नंबर लिहिलेली पक्की पावती. त्या पावतीची किंमत पुढे कळली.

तीन ढीग

मला सर्वांत आवडलेला दिवस जुने इंजिन उतरवल्यानंतरचा. शेडच्या आडव्या तुळईला चेनब्लॉक बांधून ते वर उचलले. मिस्त्रींचा पोऱ्या साखळी ओढत होता आणि मिस्त्री इंजिनावर हात ठेवून, एखाद्या म्हशीला दावणीतून सोडवावे तसे, "निधान, निधान" म्हणत होते. त्याआधी प्रत्येक वायरला आणि नळीला कापडाची चिंधी बांधून त्यावर आकडे घातले होते.

मग जमिनीवर गोणपाट अंथरून तीन ढीग झाले.

पहिला ढीग, आहे तसे वापरायचे. गिअरबॉक्स, चार चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, बेल हाऊसिंग, इंजिन बसवायचे लोखंडी ब्रॅकेट, डिझेलची टाकी, बॅटरी.

दुसरा ढीग, दुरुस्त करून वापरायचे. स्टार्टरचे ब्रश आणि बुश बदलले. फ्लायव्हीलचा क्लच घासतो तो चेहरा लेथवर किंचित साफ करून घेतला. रेडिएटर सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या पोटात जास्त डिझेल जळणार, म्हणजे उष्णताही जास्त. जुन्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या क्षाराने बुजल्या होत्या. रेडिएटरवाल्याने वरच्या-खालच्या टाक्या त्याच ठेवून मधली जाळी नवी आणि एक रांग जास्तीची घातली. चौकट तीच राहिल्याने तो जुन्याच जागी बसला.

तिसरा ढीग, कितीही चांगले दिसले तरी परत वापरायचे नाही. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळी ऑईल सील, गास्केट, रबरी नळ्या, पट्टे आणि इंजिनाखालची रबरे. मामाला यातली दोन रबरे बरी वाटली. मिस्त्रींनी ती उचलून त्याच्या हातात दिली. "घरी घेऊन जावा सावकार, दाराला लावा. जीपला नको." सुटा भाग स्वस्त असतो, पण तो बदलायला पुन्हा अख्खे इंजिन उतरवावे लागते. ज्याची मजुरी किमतीपेक्षा जास्त, तो भाग नवाच घालायचा, हा त्यांचा नियम.

आणखी एका गोष्टीवर मिस्त्री अडून बसले, ती म्हणजे ब्रेक. चारही चाकांचे लायनर नवे, व्हील सिलिंडरची रबरे नवी. मामा म्हणाला, इंजिनाचे काम चालले आहे, ब्रेक पुढच्या वर्षी बघू. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. चढायची ताकद वाढवून उतरायची तशीच ठेवणारी गाडी आपल्या शेडमधून बाहेर जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. मामीने पर्समधून पैसे काढून गोणपाटावर ठेवले आणि तो विषय संपला.

कणकेचे गोळे

नवे इंजिन बसवणे हे ताकदीचे काम नाही, धीराचे आहे. गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा आधी क्लच प्लेटच्या दातेरी भोकातून जायला हवा आणि मग क्रँकच्या टोकाला असलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये बसायला हवा. म्हणून क्लच प्लेट आधीच अगदी मध्यावर धरावी लागते. त्यासाठी मिस्त्रींकडे जुन्या गिअरबॉक्सचा एक कापलेला दांडा होता, तो घालून प्लेट मध्यावर आणायची, प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळायचे आणि मग दांडा काढून घ्यायचा. पोऱ्याने एकदा घाईने बेल हाऊसिंगचे बोल्ट आवळून उरलेली फट ओढून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. इंजिनाचे वजन त्या दांड्यावर लटकले तर प्लेट वाकते आणि क्लच आयुष्यभर थरथरतो. फट हाताने मिटली पाहिजे, बोल्ट फक्त मिटलेली फट बिगि करायला.

बॉनेट बसते का हे पाहायची युक्ती तर मी पुढे अनेकांना सांगितली आहे. मिस्त्रींनी मामीकडे तिच्या डब्यातली कणीक मागितली. इंजिनाच्या उंच जागांवर कणकेचे चार गोळे ठेवले, वर कागदाचे तुकडे, आणि बॉनेट हळूच बंद करून उघडले. गोळे चेपले, पण बोटभर जाडी उरली. तेवढी पुरे, कारण इंजिन रबरावर हलते, त्याला डुलायला जागा लागते. "अक्का, साकु," असे म्हणून त्यांनी गोळे बाजूच्या कुत्र्याला घातले.

डिझेल इंजिन पहिल्यांदा सुरू करताना नळ्यांतली हवा काढावी लागते. हातपंप मारत राहायचे, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपून सलग धार आली की आवळायचा. मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. चार नळ्यांवर एकेक थेंब आला, नट आवळले, आणि पुढच्या दणक्याला इंजिनाने घसा खाकरला. शेडमधले सगळे काम सोडून बघायला आले.

लगेच मोठा फेरफटका नाही. अर्धा तास जागेवर, मग गार होऊ द्यायचे, हेडचे बोल्ट तपासायचे, पाण्याची पातळी बघायची. दुसऱ्या दिवशी मच्छेपर्यंत, तिसऱ्या दिवशी किणयेपर्यंत.

भाताची पोती आणि सुई

पाचव्या दिवशी मामाने मागे भाताची पोती भरली. बाळंतीण, तिची सासू, नवरा, मामी आणि गाठोडी यांचे वजन मामीने मनात धरून तेवढीच पोती घालायला लावली. पिरनवाडीवरून जांबोटीचा रस्ता धरला. जांबोटीपर्यंत शेते आणि काजूच्या बागा, त्यापुढे जंगल दाट होते आणि रस्ता वळणे घेत चढू लागतो. मिस्त्री शेजारी बसले होते, त्यांचे लक्ष रस्त्यावर नव्हते, पाण्याच्या उष्णतेच्या सुईवर होते.

ज्या वळणावर होळीला गाडी उभी राहिली होती, तिथे मामाचा हात सवयीने गिअरकडे गेला. मिस्त्री म्हणाले, "राहू दे, तिसराच राहू दे." जीप तिसऱ्या गिअरमध्ये चढली. धावली नाही, पण अडखळलीही नाही. सुई थोडी वर सरकली, मधोमध येऊन थांबली आणि वळण संपल्यावर परत खाली आली. मागे पोत्यांवर बसलेल्या मामीने विचारले, "वळण गेलं का?" मामा म्हणाला, "मघाशीच."

परतताना मिस्त्रींनी मामाला दोन गोष्टी बजावल्या. इंजिन मोठे झाले, गिअरबॉक्स जुनाच आहे. म्हणून पहिल्या गिअरमध्ये क्लच झटक्याने सोडायचा नाही, नाहीतर वाढलेला जोर दात्यांवर येईल. आणि उतारावर ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे.

त्या पावसाळ्यात ती जीप किती वेळा रात्री निघाली याची नोंद कुणी ठेवली नाही. मामीच्या वहीत फक्त बाळांची वजने आहेत.

कागद

इथवरची गोष्ट पान्याची. उरलेली कागदाची, आणि आजच्या वाचकाला तीच जास्त उपयोगी आहे.

१९९९ साली मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे असा बदल करायला आरटीओची मंजुरी घ्यावी लागत असे. मामाला ती कटकट वाटत होती. गावोगावच्या जीपांत काय काय बसवले आहे, कोण विचारतो, असे त्याचे म्हणणे. मामी ऐकेना. कोल्हापूरची पावती मराठीत, बेळगावचा अर्ज कन्नडमध्ये. अर्ज तिने स्वतः लिहिला, मामाने खाली मराठीत सही केली. आधी मंजुरी, मग बदल, मग तपासणी. आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि २४९८ हा आकडा शिक्क्यासह चढला.

पुढच्याच वर्षी, २००० साली, त्या कलमात दुरुस्ती झाली. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळला पाहिजे, त्यापेक्षा वेगळा बदल करायचा नाही, असे ठरले. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मान्य संच बसवण्याची वाट तेवढी ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणजे आज कुणी २११२ च्या जागी २४९८ बसवू म्हणाला, तर यंत्र मान्य करील, पण कायदा करणार नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीत त्याच जातीचे, त्याच मापाचे इंजिन घालावे, त्याचा नंबर आरटीओत कळवून आरसीत चढवून घ्यावा, हा आजचा सरळ मार्ग आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येतो, आणि तेव्हा तो घरच्या माणसांना निस्तरावा लागतो.

मामा आता नाही. मामी निवृत्त होऊन गावातच राहते. जीप मामेभाऊ चालवतो, शेतीच्या कामाला आणि कधी पाहुण्यांना घेऊन चोर्ला घाटाने केरीपर्यंत. घाट उतरताना तो न सांगता दुसऱ्या गिअरमध्ये राहतो, केरीला अंजुणे धरणाचे पाणी दिसले की गिअर बदलतो. जीपची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२२ साली त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. २०२४ साली तपासणीला गेली तेव्हा मी बरोबर होतो. इन्स्पेक्टर तरुण होते, जीपपेक्षा वयाने लहान असावेत. त्यांनी चॅसीस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, मग बॉनेट उघडून वाकून पाहिले.

"हे मूळचे इंजिन नाही."

मामेभावाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने आरसी बुक, मंजुरीचा कागद आणि कोल्हापूरची फिकट झालेली पावती काढली. इन्स्पेक्टरनी तिन्ही कागदांवरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवला आणि अर्जाची भाषा पाहून विचारले, "यारु बरदारी इदु?" कुणी लिहिलाय हा?

"अव्वा," भाऊ म्हणाला.

धूर तपासला, ब्रेक तपासले, पाच वर्षे वाढवून मिळाली.

जाता जाता मिस्त्रींच्या शेडपाशी थांबलो. ते आता रोज येत नाहीत, मुलगा पाहतो. उतरवलेल्या जुन्या इंजिनाचे पुढे काय झाले, हे मी इतक्या वर्षांनी विचारले. चालण्यासारखे सुटे भाग दुसऱ्या जीपांना गेले, असे तो म्हणाला. उरलेला ब्लॉक घणाने फोडून फौंड्रीला विकला. जुने बीड नव्या घाणीत घालतातच, त्याने रस चांगला होतो. कोणत्या साच्यात गेला असेल कोण जाणे, असे म्हणत त्याने रस्त्यापलीकडच्या शेडकडे हात केला. तिथे पंपांची नवी कवचे रांगेने मांडली होती, अजून गरम.